ती एकोणतीस पुस्तकं माझी आहेत

ए-१०१ (सेक्रेटरी): नमस्कार. क्लब हाऊसमधल्या पुस्तकांच्या कपाटासाठी आजपर्यंत २१४ पुस्तकं जमली, सगळ्यांचे आभार. एक खोका मात्र कुणीतरी नाव न लिहिता जिन्याखाली ठेवलाय. आत २९ जुन्या कादंबऱ्या, सगळ्यांना वर्तमानपत्राचं कव्हर. कुणाच्या आहेत कळवा. कमिटीचं मत असं की त्या शनिवारी रद्दीत द्याव्यात.

बी-३०४ (सर): मी काल चाळून पाहिल्या. सगळ्या प्रेमकथा आहेत. रद्दीचा निर्णय योग्य वाटतो. कपाट मुलांसाठी पण आहे. ज्या कोल्हापुरात वि. स. खांडेकर राहिले, ज्यांच्या 'ययाति'ला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, त्या गावातल्या सोसायटीत पहिल्या फळीवर काय असावं याचा विचार व्हावा. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

सी-२०२: पाणी आज किती वाजता सोडणार?

ए-१०१ (सेक्रेटरी): सातला. पाइपलाइनचं काम चालू आहे, दाब कमी असेल.

ए-२०३ (काकू): सर, सेक्रेटरीसाहेब, ती एकोणतीस पुस्तकं माझी आहेत.

ए-२०३ (काकू): खोका मीच रात्री साडेदहाला खाली आणून ठेवला. नाव लिहायचं धाडस झालं नाही. वय सदुसष्ट, नातू दहावीला, आणि तरी झालं नाही. पण रद्दी हा शब्द वाचला आणि गप्प बसवेना. मोठं लिहितेय, सगळ्यांनी सांभाळून घ्या.

१९७९ ला लग्न होऊन मी शुक्रवार पेठेत आले. घरात अकरा माणसं. मी टेलिफोन ऑपरेटर होते, नोकरी करणारी सून म्हणून आधीच सगळ्यांची नजर. गल्लीच्या तोंडाशी टपरीएवढं एक वाचनालय होतं, कादंबरीला दिवसाचे चार आणे. घरी आणली की पहिलं काम 'पुढारी'चा जुना अंक घेऊन कव्हर घालायचं. सासूबाईंनी विचारलं तर म्हणायचे, खात्याच्या परीक्षेचं पुस्तक आहे. त्या बिचाऱ्या शेजारणीला सांगायच्या, आमची सून लई अभ्यास करते. ते ऐकून मला रात्री झोप यायची नाही. खोटं बोलले त्याचं वाईट वाटायचं, वाचलं त्याचं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

का वाचायचे, ते सांगते. रात्रपाळीला ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, लावून द्यायचे. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून कळवायचं, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं कानावर पडायचंच. गुळाचा भाव, गुजरातला गाड्या किती गेल्या, कोण वारलं, पैसे कधी पाठवता. पुरुष घरी फोन करायचे तेव्हा भाऊ कुठाय, म्हैस व्यायली का, सगळं विचारायचे. बायको फोनवर आली की "बरं, ठेवतो". माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत "तू जेवलीस का?" असं बायकोला विचारलेलं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच ऐकलं.

या पुस्तकांत तो विचारतो, सर. तिचा चेहरा उतरलेला त्याला दिसतो. तिनं नवीन पातळ नेसलंय ते त्याच्या लक्षात येतं. मी त्या एका वाक्यासाठी दीडशे पानं वाचायची.

सी-४०२: काकू 🙏 ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाचत होते, कॅमेरा बंद करावा लागला.

बी-३०४ (सर): ताई, तुमचा खोका आहे हे माहीत असतं तर मी असं लिहिलं नसतं. पण मुद्दा मी मागं घेत नाही. वाचनाची भूक आहे तर चांगलं वाचावं. खांडेकरांच्याही कादंबऱ्यांत प्रेम आहेच की.

ए-२०३ (काकू): आहे ना सर. 'ययाति' मी दोनदा वाचलीय, देवयानी आणि शर्मिष्ठा दोघींसाठी रडलेय. करवीर नगर वाचन मंदिराची मी सभासद होते, तिथूनच आणली होती. पण ज्या रात्री रडायचं नसतं, त्या रात्री काय वाचायचं?

आणि सर, तुम्ही मराठीचे शिक्षक, मी काय सांगणार? पण ना. सी. फडके याच गावात राजाराम कॉलेजात शिकवायचे ना? त्यांच्या कादंबऱ्या पोरी उशीखाली ठेवून वाचायच्या असं माझी आई सांगायची. मग गावाची परंपरा एकट्या खांडेकरांची कशी?

बी-३०४ (सर): हे मात्र खरं. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, यावर फडके-खांडेकरांचा वाद आम्ही वर्गात तासन्‌तास शिकवलाय. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. वाचकाला गुंगवणं यात कमीपणा आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. मी स्वतः खांडेकरांच्या बाजूचा. पण फडक्यांना रद्दीत घाला असं मी म्हणणार नाही.

डी-१०३: आणि पुरुष वाचत न्हाईत असं कुणी समजू नका. शिरोलीला फौंड्रीत होतो मी, रात्रपाळीला भट्टीत धातू वितळायला लावला की मध्ये वेळ असायचा. आमच्या शेडमध्ये बाबा कदमांची पुस्तकं फिरायची. वकील माणूस, आपल्या कोल्हापूरचा. एकेका पुस्तकाला दहा-दहा हातांची काजळी. शेवटची पानं वाचताना कुणी हाक मारली तर शिव्या खायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा बायकोशी काय बोलायचं ते मला ठावं नव्हतं, वडील आईशी कामापुरतं बोलायचे. जे काय दोन शब्द आले ते त्या पुस्तकांतनं आले. हे आज पहिल्यांदा सांगतोय, ती पण या ग्रुपवर आहे.

डी-१०३ (वहिनी): वाचलं.

सी-३०१ (वकील): सर, मुलांच्या हाती पडतील ही काळजी नवीन नाही, ती सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलीय. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' आली. अश्लील म्हणून खटला झाला. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं लेखकाला दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला आणि अंक नष्ट करायला सांगितलं. १९६९ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. त्यात म्हटलंय त्याचा आशय असा की स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक किशोरांना अयोग्य ठरवायचं, तर त्यांना निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. लॉ कॉलेजला असताना हा निकाल वाचला आणि मराठी कादंबरीसाठी एवढं भांडण झालं होतं याचा मला फार अभिमान वाटला.

बी-३०४ (सर): कायद्यानं गुन्हा नाही हे मान्य. मी चवीबद्दल बोलतोय.

सी-४०२: सर, मी तुमच्या बाजूनं थोडं आणि काकूंच्या बाजूनं जास्त बोलणार आहे 🙂

मी रोज रात्री प्रतिलिपी ॲपवर वाचते. मराठी प्रेमकथा, शंभर-शंभर भागांच्या. पुण्यात पीजीत राहायचे तेव्हा सवय लागली. दिवसभर ऑफिसात डोकं गहाण, रूमवर आलं की कुणाशी बोलायची ताकद नाही. एक भाग वाचायला काही मिनिटं लागतात. खाली शेकडो बायकांच्या कमेंट्स असतात, कोण कुकर लावून वाचतंय, कोण बाळाला पाजताना. लिहिणाऱ्याही त्यांच्यातल्याच. तिथं मला कधी एकटं वाटलं नाही.

पण त्यातला एक प्रकार माझ्या मनाला फार लागतो. नायक अब्जाधीश, रागीट, तिला कोंडून ठेवतो, तिच्या मनाविरुद्ध लग्न लावतो, आणि पन्नासाव्या भागात कळतं की त्याचं म्हणे प्रेमच होतं. कमेंटमध्ये शाळेतल्या मुली "असा नवरा पाहिजे" लिहितात. तेव्हा मला सरांची काळजी पटते. मी तिथं प्रत्येक वेळी लिहिते की हे प्रेम नाही. शिव्या येतात, तरी लिहिते. मला हा साहित्यप्रकार आवडतो म्हणूनच लिहिते, नाहीतर मला काय पडलंय?

ए-२०३ (काकू): बाळ, आमच्याही पुस्तकांत होतं ते. नायक कानाखाली मारायचा, मग जवळ घ्यायचा, आणि लेखक त्याला मर्दपणा म्हणायचा. खोक्यात अशी तीन-चार आहेत. मला ते पान आलं की खटकायचं आणि मी भराभर उलटायची. उलटायला नको होतं, थांबायला हवं होतं. तू थांबून लिहितेस, ते बरोबर करतेस.

डी-२०१ (मॅडम): कॉलेजात शिकवते म्हणून एक भर घालते. जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तिकडच्या एका गावात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ साली पुस्तक लिहिलं. बहुतेक जणी घर सांभाळणाऱ्या. का वाचता, यावर बायका गोष्टीबद्दल कमी आणि वाचण्याच्या कृतीबद्दल जास्त बोलल्या. हातात पुस्तक असलं की तेवढा वेळ मी कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. सगळ्यांची काळजी घेणाऱ्या बाईची काळजी घेणारं कुणी नसतं, ते पुस्तकात मिळतं. काकूंनी "तू जेवलीस का" लिहिलं तेव्हा मला तेच आठवलं. अर्थात रॅडवेबाईंनी पुढची बाजूही लिहिलीय, की गोष्ट शेवटी बाईला त्याच घरात, त्याच चौकटीत समाधानानं बसवते. मला दोन्ही पटतं.

ए-२०३ (काकू): वेळेचं अगदी बरोबर. दुपारी अडीच ते चार. भांडी झालेली, सगळे आडवे, नळाला पाणी यायला अवकाश. तेवढा दीड तास माझा. पण मॅडम, आमच्यासाठी गोष्टही होती हो. नुसता वेळच हवा असता तर मी झोपले असते, झोप कमीच होती.

आता एक सांगते जे घरातही कुणाला सांगितलं नाही. थोरला सहा वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला. एकवीस दिवस दवाखान्यात. सातव्या दिवशी रात्री ताप उतरेना, डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत बघू. मी त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि दुसऱ्या हातात यातलंच एक पुस्तक होतं. रात्रपाळीच्या नर्सनं कव्हर उघडून बघितलं आणि म्हणाली, "पोरगं असं पडलंय आणि तुम्हाला हे सुचतं?" मी उत्तर दिलं नाही. ते वाक्य चाळीस वर्षं माझ्याबरोबर आहे.

आज उत्तर देते. त्या रात्री माझ्या हातात असलेल्या सगळ्या गोष्टींत फक्त त्या पुस्तकाचा शेवट चांगला होणार हे मला नक्की माहीत होतं. तापाचं माहीत नव्हतं, सकाळचं माहीत नव्हतं. डोकं टेकायला एक तरी नक्की जागा पाहिजे होती. देवाची पोथी होती उशाशी, ती वाचताना मी मागणं मागत होते आणि मागताना भीती वाढत होती. इथं मागायचं काही नव्हतं. पट्टी बदलायची, पान उलटायचं, पट्टी बदलायची. पहाटे साडेचारला अंग ओलं लागलं, घाम फुटला होता. ते पुस्तक खोक्यात आहे. कव्हरवर पाण्याचे डाग आहेत.

सी-२०२: काकू, मी फक्त पाण्याचं विचारायला आले होते. बसून सगळं वाचलं. तुम्हाला त्या नर्सबाईंनी असं बोलायला नको होतं.

डी-२०१ (मॅडम): शेवट ठाऊक असलेलं वाचण्यात काय अर्थ, असं आमचेच सहकारी विचारतात. अमेरिकेतल्या प्रेमकथा लेखकांच्या संघटनेनं तर व्याख्याच तशी केलीय, मध्यवर्ती प्रेमकथा आणि मनाला समाधान देणारा, आशा देणारा शेवट. आता मी त्यांना ही रात्र सांगेन. काकूंचं नाव न घेता.

ए-२०३ (काकू): नाव घेऊन सांगा.

बी-३०४ (सर): ताई, मी काल चाळली त्यात ते डागाळलेलं पुस्तक होतं. मी सेक्रेटरींना म्हणालो होतो की हे तर भिजलेलं आहे, हे नक्कीच रद्दीत. मला फार वाईट वाटतंय.

माझी सूचना अशी. वरची फळी मोठ्यांची, खालच्या दोन मुलांच्या. खोका वरच्या फळीवर राहील. नोंदवही मी लिहीन. चवीबद्दल माझं मत आहे ते आहे, त्यावर आपण भांडत राहू.

ए-१०१ (सेक्रेटरी): कमिटीला मान्य. रद्दीवाल्याला फक्त जुने पेपर देऊ.

बी-१०२ (आजींचा व्हॉइस मेसेज, नातीनं लिहून काढला): आगं, मला वाचून दाखवलं हिनं समदं. मी गडहिंग्लजकडची, सातवी शिकल्याली. आमच्यात तर बाईनं पुस्तक हातात घेतलं की म्हणायचे, हिला काम न्हाई व्हय? मी शेणी लावायच्या खोपटात बसून वाचायची, भावजय पाळत ठेवायची, मग ती वाचायची, मी पाळत ठेवायची. तिचं माझं भांडण कदी झालं न्हाई त्याचं कारण ती पुस्तकं. आता डोळ्यांनी दिसत न्हाई. कुणी वाचून दाखवणार असंल तर मी रोज खाली येऊन बसते.

सी-४०२: आजी, शनिवार-रविवार मी येते. 

ए-२०३ (काकू): आजी, मग एक मदत करा. खोक्यात एक पुस्तक आहे, पहिलं पान नाही, मूळ कव्हर नाही, शेवटची सोळा पानं पण नाहीत. टपरी बंद झाली तेव्हा मालकानं तसंच दिलं होतं. नाव काय, लिहिलं कुणी, काही माहीत नाही. नायिका नर्स, बेळगावची. तो मिलिटरीत. तो पत्र लिहितो आणि त्याची थोरली बहीण ते पत्र गव्हाच्या डब्यात दडवते. तिथंच पानं संपतात. लग्न झालं असणार हे मला माहीत आहे. पण ते पत्र सापडलं कुणाला, आणि बहिणीनं का दडवलं, हे मला पस्तीस वर्षं कळलेलं नाही.

बी-१०२ (आजींचा व्हॉइस मेसेज, नातीनं लिहून काढला): गव्हाचा डबा व्हय? ते मी वाचलंय की! भावजयीनं आणि मी दोघींनी. बहिणीचं कारण लई वेगळं हाय, आपल्याला वाटतं तसलं न्हाई.

ए-२०३ (काकू): आजी! काय कारण?

बी-१०२ (आजींचा व्हॉइस मेसेज, नातीनं लिहून काढला): हितं नको, बाकीच्यांस्नी वाचायचं असंल. उद्या चारला खाली ये. शेंगा भाजून आणते.

डी-१०३ (वहिनी): आजी, मी पण येते. ह्यांना पण आणते.

ए-२०३ (काकू): चारला येते. सेक्रेटरीसाहेब, कपाटाची किल्ली वॉचमनकडे ठेवाल का? सगळी कव्हरं मी सकाळी येऊन काढते.