मदत हवी आहे: पार्किन्सन्ससाठी झेब्राफिश

नमस्कार मंडळी. मुंबईत एमएस्सी करतेय. आजोबांना पार्किन्सन्स आहे, म्हणून प्रकल्पही त्यावरच घेतला: एमपीटीपी या विषाने मेंदूतल्या डोपामाइन (संदेश वाहणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मेल्या की डी२ रिसेप्टरचं, म्हणजे तो संदेश घेणाऱ्या प्रथिनाचं, काय होतं? प्रयोग झेब्राफिश या छोट्या माशावर: त्याचं पिल्लू पारदर्शक, जिवंतपणीच मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, हे फार मोलाचं. पण या माशात अल्फा-सिन्युक्लिनचं, म्हणजे पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या पेशींत साठणाऱ्या प्रथिनाचं, जनुकच नाही! मग हे मॉडेल माणसाच्या आजाराला कितपत लागू धरायचं? मार्गदर्शक म्हणतात चालेल. मला अजून पटलेलं नाही. मानवी जनुक घातलेले मासे कुणी वापरलेत का?

शिवाय क्रॉफर्ड मार्केटमधले मासे घ्यावेत, की वंशावळ माहीत असलेलेच? टाकी २८.५ अंशांवर आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तुम्ही कसं काढता, तेही सांगा.