जोंधळा, ज्वारी, शाळू, जवारी: धान्य एक की चार?

माहेरी साताऱ्याकडे सगळे 'जोंधळा' म्हणतात. दळायला जोंधळं, निवडायला जोंधळं. दुकानात गेलं की मात्र तोंडातून 'ज्वारी' निघते. सासर सोलापूर जिल्ह्यातलं, तिथे शाळू वेगळा आणि ज्वारी वेगळी. त्यात निपाणीची मैत्रीण परवा 'जवारी कोंबडी' म्हणाली. म्हणजे ज्वारी खाऊन वाढलेली का? जोंधळा आणि ज्वारी यांचं मूळ एकच आहे का? आणि यवनांनी आणलं म्हणून संस्कृतात 'यवनाल', असं कुठेतरी वाचलं, ते खरं का?

—

यवनांना यातून मोकळं करू. यव अधिक नाल असा तो शब्द आहे. यव म्हणजे जव, नाल म्हणजे नळीसारखा दांडा. निघंटूंत, म्हणजे जुन्या वनस्पतिकोशांत, 'यावनाल' असंही रूप मिळतं, आणि 'यावन' दिसलं की ग्रीक किंवा मुसलमान आठवायचे, अशी आपली सवय. ऐकायला छान, पण शब्द तसा फुटत नाही.

सुरुवातीच्या य चा ज होणं मराठीला नवं नाही: यात्रा-जत्रा, यंत्र-जातं, योग्य-जोगा. तसंच यव-जव. जोंधळा यवनालाशी जोडतात, तर ज्वारीसाठी 'यवाकार', म्हणजे जवासारखं दिसणारं, असं मूळ धरतात. दोन्ही वाटा जवापाशीच पोचतात, त्यामुळे या दोघांना चुलत भावंडं म्हणायला हरकत नाही.

पण ज्वारीला जवाचं नाव का? कारण ज्वारी मूळची आफ्रिकेची. वेदांत यव आहे, ज्वारी नाही. नवं धान्य दारात आलं की लोक त्याला ओळखीच्या धान्याचं नाव देतात. पुढे अमेरिकेतून मका आला तेव्हा हेच पुन्हा झालं, फक्त या वेळी जुनं धान्य ज्वारी होतं. ज्वारी कन्नडमध्ये जोळ, तेलुगूत जोन्न, तमिळमध्ये चोळम. आणि मका? मेक्केजोळ, मोक्कजोन्न, मक्काचोळम. छत्तीसगडीत तर आपल्या जोंधळ्याचा सख्खा भाऊ शोभेल असा 'जोंधरा' शब्द आहे, आणि त्याचा अर्थ मका. अरबीतला 'धुरा' ज्वारीचा होता, आता बहुतेक ठिकाणी तो मक्याला लागतो. मराठीत जोंधळा मक्याकडे गेला नाही. माझ्या मते याचं कारण सरळ आहे: इथे ताटातून ज्वारीची भाकरी उठलीच नाही, मग नाव रिकामं होणार कसं?

—

शाळूबद्दल मंगळवेढ्याच्या बाजूनं लिहितो. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. पावसाळा सरताना पेरायची, काळ्या रानातल्या ओलीवर आणि थंडीवर पोसायची, फेब्रुवारी-मार्चात काढायची. काढायची म्हणजे बहुतेक उपटायचीच, कारण कडबा बुडख्यापर्यंत हवा असतो. कडब्याच्या पेंढ्या पाचुंद्यावर मोजतात, पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. मालदांडी हे शाळूतलं मोठं घराणं. त्यातलं ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं, आजही पेरलं जातं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मग तुमच्या सासरी ज्वारी वेगळी का? सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण १९६४ साली आलं. ते खरिपातलं, बुटकं, उतारा भरपूर. पण दाणा पावसात सापडला की काळा पडायचा आणि भाकरीला चव नाही. लोक त्याला 'हायब्रीड' म्हणू लागले, आणि 'हायब्रीड' हे धान्याचंच नाव झालं. 'हायब्रीडची भाकर', 'दोन पोती हायब्रीड'. पुढे नाजूक, चटकन आजारी पडणाऱ्या पोरांनाही म्हातारी माणसं हायब्रीड म्हणायला लागली! बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल 'मिलो' आली, तीही ज्वारीच. ती ज्यांनी खाल्ली त्यांच्यासमोर मिलो शब्द काढून बघा. एवढं सगळं झाल्यावर चांगल्या धान्याला नुसतं ज्वारी कोण म्हणेल? म्हणून शाळू.

—

भर घालतो. मोल्सवर्थनं आपल्या मराठी-इंग्रजी कोशात जोंधळा शब्दाखाली जातींची यादी दिली आहे: उतावळी, निळवा, शाळू, रातडी, खुंडी, काळबोंडी, दूधमोगरा आणि आणखी काही. नावं वाचली तरी कणीस डोळ्यांपुढे येतं. उतावळी लवकर येणारी असणार. काळबोंडी म्हणजे बोंड काळं, दाणा ज्या टोपीत बसतो ती. मळणी नीट झाली नाही तर हीच बोंडं दाण्याला चिकटून राहतात आणि सुपात बोटांनी निवडावी लागतात. शाळू सोडला तर यातली बहुतेक नावं आता ऐकू येत नाहीत, बाजार समितीच्या दरपत्रकात मात्र मालदांडी, शाळू, दादर, हायब्रीड अशा वेगळ्या ओळी असतात.

—

जवारी कोंबडीचं उत्तर राहिलंच. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव पट्ट्यात जवारी म्हणजे गावठी, देशी. जवारी कोंबडी, जवारी वांगी, जवारी काकडी. कन्नडमध्येही हाच अर्थ. तिथे धान्याला जोळ म्हणतात, त्यामुळे त्यांचा गोंधळ होत नाही, होतो तो आपला. ब्रॉयलर नव्हे ती जवारी, इतकंच. तिनं काय खाल्लं याच्याशी संबंध नाही. याउलट अमरावती-अकोल्याकडे जवारी म्हणजे थेट ज्वारी. तंबोऱ्याची जवारी आणखी तिसरी, ती तारांखालच्या घोडीवर सुताने लावतात. तिला या चर्चेत ओढू नका.

—

खानदेशातून: आमच्याकडे शाळू शब्द नाही, दादर आहे. रब्बीची तीच. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद एकत्र दळतात.

व्याकरणाचंही सांगते. ज्वारीचं अनेकवचन कोणी करत नाही. 'चार ज्वाऱ्या' म्हटलं तर हसतील. जोंधळे मात्र मोजता येतात, मूठभर जोंधळे, चार जोंधळे. म्हणून दाण्याचा आकार सांगायला जोंधळाच कामी येतो. सराफाकडे 'जोंधळी मणी' मिळतात, ज्वारीएवढे बारीक सोन्याचे, आणि कोल्हापूरकडे एका वासाच्या तांदळाला 'जोंधळा जिरगा' म्हणतात. 'ज्वारी मणी' मागितले तर सराफ विचारात पडेल.