मदत हवी आहे: सागाला पानं फुटली की टोल्यावरचं नेट बंद

पारशिवनी तालुक्यातला टोला (छोटी वस्ती). ग्रामपंचायतीत फायबर आहे, तिथून टोला २ किमी. दोन्हीकडे ९ मीटर पाइपवर ५.८ गिगाहर्ट्झच्या वायरलेस डिश लावल्या. मे महिन्यात सिग्नल उणे ५८ dBm होता (आकडा शून्याजवळ तितका सिग्नल चांगला). जुलैत सागाची परातीएवढी पानं आडवी आली अन् उणे ८१. अलाइनमेंट दोनदा केलं, कनेक्टर बदलले, फरक नाही. शेंड्यांवर निदान ३ मीटर मोकळं हवं, तेच नाही. मधली जमीन वनखात्याची, म्हणून तोड नाही, खोदकामही नाही. पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म अडलेत.

बाजूच्या पाण्याच्या टाकीवरून दोन्ही टोकं दिसतात, पण तिथे वीज नाही. तिथे रिलेचे (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारे) दोन रेडिओ मिळून १६ वॅट. तीन दिवसांना ९६ अँपिअर-अवर लागतात, म्हणून १२ व्होल्टची १५० ची बॅटरी धरलीय. आठवडाभराच्या झडीत पॅनल किती वॅटचं पुरेल, आणि टाकीवर आकाशातल्या विजेपासून रेडिओ वाचवायला अर्थिंग कसं करावं?