'वाक्य ध्यान' मराठीत काय करावं? शिवाय भरवसा की भाव?

सीमेवरचा
बेळगावात आमच्या चर्चच्या मंडळीत कन्नड आणि मराठी अशा दोन उपासना होतात. रोज घरी वाचायचं एक पत्रक कन्नडात निघतं, त्याचं मराठी माझ्या गळ्यात पडलंय. मथळ्यापाशीच गाडी अडली. कन्नडात आहे 'वाक्य ध्यान'. तिकडे 'देवर वाक्य' म्हणजे देवाचं वचन, आपल्याकडे वाक्य म्हटलं की कर्ता-कर्म-क्रियापद. आणि 'वचन' म्हणावं तर कन्नड शेजाऱ्यांना लिंगायत संत बसवण्णांची वचनं आठवतात. मी 'वचन-मनन' लिहिलं. मंडळीतले एक वडीलधारे म्हणूलालेत, मनन विद्वानांचं, 'ध्यान' घाल.
दुसरं, आत बायबलातलं नीतिसूत्रे ३:५ आहे, परमेश्वरावर विसंबून राहा सांगणारं. कन्नडात 'भरवसविडु', म्हणून मी सरळ 'भरवसा ठेव' केलं. त्यांनी खोडून 'भाव ठेव' केलं, कारण त्यांच्या जुन्या बायबलात तसं आहे. शब्बाथ शाळेतल्या पोरानं लगेच विचारलं, "किती भाव ठेवायचा?" त्याच्या बापाचा भाजीचा गाडा आहे. काय ठेवू?

कॅम्पातला
भाव. 'देव भावाचा भुकेला' कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भरवसा म्हटलं की मला पुढची म्हैस दिसते. भरवशाच्या म्हशीला टोणगा! असला शब्द देवाला लावायचा?

खानापूरकर
आमच्या घरात कोकणी. आमच्यात श्रद्धेला 'भावार्थ' म्हणतात. मराठी शाळेत बाईंनी 'कवितेचा भावार्थ लिहा' म्हटलं तेव्हा मला वाटलं, कवितेचा धर्म विचारतायत. तरी 'भाव'ला माझं मत.

शब्दशुद्धी
मूळ प्रश्नाकडे या. ध्यान आणि मनन एक नव्हे. ध्यानात मन एका जागी ठरतं, मननात विचार चालू राहतो. श्रवण, मनन, निदिध्यासन अशा आपल्याकडे पायऱ्याच आहेत. तुम्हाला हवा आहे तो शब्द 'निदिध्यासन', म्हणजे अखंड ध्यास. भरवसा-बिरवसा बाजारी आहे, 'विश्वास' लिहा आणि मोकळे व्हा.

जुना वाचक
भाजीच्या गाड्यावर 'निदिध्यासन'? पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावात बसून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते कशासाठी? कमी शिकलेल्या बाईलाही स्वतः वाचून कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ साली निघाला. संस्कृत त्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा किती तरी जास्त येत होतं, हे विसरू नका.

शब्दशुद्धी
संस्कृताचं वावडं अलीकडचं. फादर स्टीफन्सनी १६१६ साली ख्रिस्ताचं चरित्र ओवीत लिहिलं आणि नावातच 'पुराण' घातलं. त्यांना कुठे अडचण आली?

जुना वाचक
ओवी जात्यावर चालत होती म्हणून घेतली. माझाच मुद्दा मांडलात, आभारी आहे.

पाठशाळेतला
जरा मुळात जाऊ. बायबलातल्या स्तोत्र १ मध्ये 'रात्रंदिवस मनन' येतं, तिथलं हिब्रू क्रियापद 'हागा'. यशया ३१ मध्ये शिकारीवर बसलेला सिंह गुरगुरतो तेव्हा तेच क्रियापद आणि यशया ३८ मध्ये पारवा घुमतो तेव्हाही तेच. म्हणजे हे डोळे मिटून गप्प बसणं नाही, तोंडातून आवाज येतो. यहोशवा १:८ मध्ये तर आधी शास्त्र मुखातून जाऊ देऊ नको म्हटलंय, मग मनन. शब्द तोंडाचा हवा. पुटपुटणे, गुणगुणणे, असं काही तरी.

शब्दशुद्धी
'वचन-पुटपुट' छापा मग. शोभून दिसेल.

निपाणीची लेक
हसा खुशाल, पण मी हे घरात बघितलंय. आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. पान बोटांत गुंडाळायचं, दोरा मारायचा, तोंड दुमडायचं आणि सगळा वेळ ओठ हलत असायचे. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." दुपारभर एवढंच. कधी 'मेंढपाळ'वर रेंगाळायची, कधी 'उणे'वर. मजुरी हजारावर मिळायची. माल टाकायला गेलं की तिथला माणूस मूठभर बिड्या बाद करून बाजूला काढायचा, म्हणजे हजाराला हमखास उणंच. त्या रात्री तीच ओळ जरा मोठ्यानं. मी एकदा म्हटलं, आई, उणं तर पडलंय की. म्हणाली, "त्येच तर इचारतोय त्येला."
मनन नाही, ध्यान नाही, तिचा शब्द 'घोळवणं'. आम्हाला पण म्हणायची, वचन जरा तोंडात घोळव, गिळू नको लगेच.

पाठशाळेतला
ताई, माझ्या अख्ख्या टिपणापेक्षा हे बरं. यात भरवसा पण आला. विचारत राहायचं आणि सोडायचं नाही.

कॅम्पातला
घोळवणं सुंदर, पण मथळा 'वचन-घोळ' झाला तर पाळकसाहेब मला बोलावतील.

सीमेवरचा
मंडळी, पत्रक छापायला जायचंय. 'भरवसा' कन्नडात चालतो, मराठीत का नको, एवढं तरी सांगा. शब्द मुळात कुणाचा?

शब्दशुद्धी
भर + वसा. व्रत घेतो तो वसा, तो पूर्ण भरला की भरवसा. उघड आहे.

खानापूरकर
उघड काय त्यात? मग हिंदीतला 'भरोसा' कुठला वसा घेऊन बसलाय? आणि हल्लीच्या कन्नडात 'भरवसे' म्हणजे आश्वासन. निवडणुकीत गल्लीत येतात ती भरवसे. सीमेवरचे, तुमच्या वाचकांतले निम्मे कन्नड शाळेत शिकलेले, त्यांच्या कानाला हाच अर्थ लागणार.

जुना वाचक
आश्वासन तर आश्वासन. देवाचं आश्वासन धरून राहायचं, यात वाईट काय?

कॅम्पातला
वाईट काही नाही, म्हैस तेवढी आठवते.

निपाणीची लेक
आमच्याकडं म्हशीला टोणगा झाला तर कुणी छाती पिटत नाही. औताला होतो, विकता येतो.

शब्दशुद्धी
औताला रेडा. टोणगा आणि रेडा यांत फरक आहे.

निपाणीची लेक
कसला फरक? तोच मोठा होतो.

खानापूरकर
कन्नडात रेड्याला 'कोण' म्हणतात. आमच्या आजीनं दार वाजल्यावर "कोण?" विचारलं की पलीकडचे मामा बाहेरून ओरडायचे, "रेडा नव्हे हो, मीच!"

शब्दशुद्धी
टोणग्यासाठी वेगळा धागा काढावा. मी काढतो.