तोरणमाळला हॅमॉक आणि ताडपत्री: कुठे कोणती गाठ मारावी?

अनेरकाठ
राम राम मंडळी. सप्टेंबरअखेर तोरणमाळ भागात दोन रात्री हॅमॉकवर (दोन झाडांमध्ये टांगायची झोळी) झोपायचा बेत आहे. हॅमॉक ११ फुटी, म्हणजे साधारण ३.३ मीटर. दोन्ही टोकांना दोरीचे गोल फास आहेत. वजन ७८ किलो. पावसासाठी १२ बाय १० फुटी ताडपत्री आहे. बांधायला १० मिमी नायलॉनची दोरी आणली आहे, शिवाय केळीला आधार द्यायची प्लास्टिकची पट्टी घरी भरपूर आहे. शेतात बांधून पाहिलं तर पहाटेपर्यंत हॅमॉक खाली बसतो आणि निरगाठ इतकी आवळते की सुटत नाही. कोणती गाठ मारू? ताडपत्रीलाही तीच चालेल का?

सालईचा_माळ
भाऊ, आधी दोरी बदला, गाठ नंतर. नायलॉन वजनाखाली ताणतं, ओलं झालं की आणखी सैल पडतं. हॅमॉक खाली बसतो तो त्यामुळे. केळीच्या पट्टीवर माणूस टांगू नका. ती पॉलीप्रोपिलीनची, बुळबुळीत असते, गाठ सरकते आणि उन्हाने कुजते. पॉलिएस्टरची विणलेली पट्टी घ्या, रुंदी किमान २५ मिमी, लांबी प्रत्येक झाडाला ३ ते ४ मीटर. रुंद पट्टीने सालही चिरत नाही.

दुसरं म्हणजे कोन. पट्टी आडव्या रेषेशी ३० अंशांवर असली की प्रत्येक बाजूला साधारण तुमच्या वजनाइतका, म्हणजे ७८ किलो ताण येतो. १५ अंशांवर तोच १५० किलो होतो, १० अंशांवर सव्वादोनशेच्या आसपास. म्हणून बाजेसारखा ताठ बांधू नका. उंचीचा हिशोब असा: दोन झाडांमधल्या अंतराचा निम्मा आकडा गुणिले ०.५८, त्यात बसायची उंची ४५ सेंमी मिळवायची. झाडं ४ मीटरवर असतील तर पट्टी खोडाला सुमारे १.६ मीटरवर, ५ मीटरवर असतील तर १.९ मीटरवर. मोजपट्टी नसेल तर अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणा. तर्जनी आडवी धरली की दोन्ही टोकं जोडणारी तिरकी रेषा जवळपास ३० अंशांची असते.

आता गाठ. फास आहेतच, तर बेकेट हिच मारा. पट्टीचं मोकळं टोक फासात खालून वर काढा, फासाच्या दोन्ही दोऱ्यांमागून फिरवा आणि शेवटी ताणाच्या पट्टीखाली सारा. सारताना टोक सरळ न घालता दुमडून घाला, म्हणजे सुरगाठ होते. सकाळी टोक ओढलं की मोकळी. शेपटी किमान २० सेंमी ठेवा आणि तिनेच जवळ एक साधी गाठ मारून टाका, चुकून ओढली जाऊ नये म्हणून. बसण्याआधी दोन्ही हातांनी जोर देऊन पाहा, मग हळूहळू वजन टाका.

पालचा_रस्ता
सालईदादांशी सहमत, पण ताडपत्रीचा हिशोब वेगळा. हॅमॉकची गाठ रात्रभर हलता कामा नये, ताडपत्रीची मात्र रात्री उठून ताणता आली पाहिजे. तीच गाठ दोन्हीकडे चालत नाही.

मधली दोरी (घराच्या आढ्यासारखी) ३ ते ४ मिमी पॉलिएस्टरची, ८ ते १० मीटर. ती ताडपत्रीच्या खालून न्या. तुमच्या ताडपत्रीच्या कड्या पातळ असतात, सगळा ताण त्यांवर दिला तर फाटतात. एक टोक झाडाला बांधा. दुसऱ्या झाडाला ट्रकवाल्यांची गाठ मारा, केळीच्या गाडीवर ताडपत्री आवळतात तीच: झाडाच्या अलीकडे ६० ते ७० सेंमीवर दोरीत सुरगाठीचा फास करा, मोकळं टोक झाडामागून आणून त्या फासातून काढा, मागे ओढून ताणा, चिमटीत धरा आणि दोन अर्ध्या गाठी सुरगाठीने बंद करा. फास मोकळ्या टोकाकडच्या दोरीचा ओढून घ्या. ताणाकडच्या दोरीचा केला तर ताण देताच आवळून बंद होतो, नंतर सुटत नाही.

ताडपत्रीची दोन टोकं दोरीवर पकडायला प्रुसिक, म्हणजे हाताने सरकणारी पण ताण आला की दोरीला चावणारी गाठ. २ मिमी दोरीचा छोटा फास, मोठ्या दोरीभोवती तीन वेढे. फासाची दोरी मोठीपेक्षा बारीकच हवी, नाहीतर चावत नाही. ओल्या गुळगुळीत दोरीवर चौथा वेढा घाला.

कोपऱ्यांच्या दोऱ्यांना टॉट-लाइन हिच: खुंटीभोवतून आणलेलं टोक ताणाच्या दोरीवर आत दोन वेढे, मग त्यांच्या बाहेर एक. सरकवली की ताण कमी-जास्त. मधे सायकलच्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी बांधली तर वाऱ्याचा झटका ती झेलते.

अनेरकाठ
आभार दोघांचे. काळ्या मातीत खुंटी उपटते, त्याचं काय करू? आणि झाड कसं निवडायचं?

पालचा_रस्ता
ओल्या काळ्या मातीत २५-३० सेंमीची लांब खुंटी, माथा ताडपत्रीपासून बाहेर कललेला. मुरुमात खुंटी शिरतच नाही. तिथे दोरी छोट्या दगडाला बांधून जमिनीवर ठेवा आणि त्याच्या पुढे, ताडपत्रीच्या बाजूला, दोरीवर मोठा दगड ठेवा. छोटा दगड मोठ्यामागे अडकतो. सुपाएवढा सपाट दगड घ्या, गोटा लोळतो.

सालईचा_माळ
जिवंत झाड, खोड किमान २० सेंमी जाड. साग किंवा मोह उत्तम. सालई ठिसूळ, पांगारा तर नकोच. वर बघितल्याशिवाय बांधू नका: सुकलेली फांदी डोक्यावर असेल तर जागा बदला. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तरी बदला, त्या पट्टीवरून सरळ हॅमॉकमध्ये येतात. वनहद्दीत मुक्काम असेल तर परवानगी आधी.

पावसात पाणी खोडावरून पट्टीवर आणि पट्टीवरून हॅमॉकमध्ये झिरपतं. ताडपत्रीच्या कडेपासून आत, पण हॅमॉकच्या अलीकडे, पट्टीला सुती दोरीचा तुकडा बांधून १५ सेंमी लोंबता सोडा. पाणी तिथून खाली गळून जातं. दोन्ही बाजूंना हवा, एकीकडे विसरलात तर पायाकडून भिजता.