दहावीपेक्षा दुपार अवघड

'घरी शिकवलं तर दहावीला बसता येत नाही' हे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्यावरच्या या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय, ते पटलं नाही. राज्य मंडळाच्या १७ नंबर फॉर्मला (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज) आधीच्या शाळेचा दाखला लागतो, तिथे अडतं हे खरं. पण राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या (एनआयओएस) दहावीला वय १४ पूर्ण असलं की झालं, आधी शाळेत गेल्याचा पुरावा मागत नाहीत. विषय पाच, त्यात एक तरी भाषा. सगळे एकदम द्यावे लागत नाहीत. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. आमच्या लेकीने चित्रकला आणि गृहविज्ञान आधी उरकलं, गणित निवांत दिलं.

खरी पंचाईत वेगळीच, ती इथे कोणी लिहिली नाही. वन-बीएचकेत आई, मुलं आणि घरून काम करणारा बाप दिवसभर एकत्र! बाबाची मीटिंग सुरू झाली की पाढे स्वयंपाकघरात, तेही हळू आवाजात. बिल्डिंगमधली पोरं शाळा, मग क्लास करून संध्याकाळी साडेसहाला खाली उतरतात, तोवर खेळायला कुत्रं नाही. लिफ्टमध्ये रोज तेच, 'आज सुट्टी का गं?' पहिल्या वर्षी लेक उत्तर द्यायची, आता सरळ 'हो' म्हणते. त्या बदल्यात मंगळवारी सकाळी राणीच्या बागेत पेंग्विनच्या काचेपुढे हवं तेवढं उभं राहता येतं, मागून कोणी ढकलत नाही. फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असते.