ट्रेनिंगला दरवेळी तेच दोघं! स्टडी लीव्ह कशी मागायची?

डोंबिवलीकरीण:
केंद्र सरकारच्या एका टेक्निकल ऑफिसात सायंटिस्ट सी (शास्त्रज्ञांमधली एक श्रेणी) आहे, सहा वर्षं झाली नोकरीला. डीएसटी (केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग) सरकारी शास्त्रज्ञांसाठी जी ट्रेनिंगं घेतं ना, हैदराबादच्या अ‍ॅस्की या ट्रेनिंग संस्थेत वगैरे, त्याचं सर्क्युलर आमच्या टेबलावर येईपर्यंत तारीख उलटलेली असते आणि चुकून वेळेत आलंच तर नाव जातं त्याच दोघांचं, त्यातले एक तर पुढच्या वर्षी रिटायर होतायत! मला आयआयटी बॉम्बेला जिओइन्फर्मॅटिक्समध्ये (कॉम्प्युटरवर नकाशे आणि भौगोलिक माहितीचं काम) एमटेक करायचंय. साहेबांना स्टडी लीव्हचं, म्हणजे शिकायला मिळणाऱ्या रजेचं विचारलं तर म्हणाले, "अगं एवढ्यात कशाला, बघू मार्चनंतर." कुठला मार्च ते नाही सांगितलं.

ठाण्याचा_बाबू:
तोंडी विचारलंत तिथेच घोळ झाला मॅडम. लेखी द्या, आस्थापनेत आवक नंबर घ्या, मग निदान नाही म्हणायला तरी त्यांना कारण लिहावं लागेल. पाच वर्षं सर्व्हिस झालीय म्हणजे नियमात बसता, अख्ख्या नोकरीत २४ महिने मिळतात, एका वेळी साधारण १२, पगार चालू राहतो. पण परत आल्यावर तीन वर्षांचा बाँड, म्हणजे तेवढी वर्षं नोकरी करायचीच, हे घरी आधी बोलून घ्या. आणि अर्जात "मला शिकायची आवड आहे" असलं काही लिहू नका, तुमच्या ऑफिसचं जे मॅपिंगचं काम बाहेर कन्सल्टंटकडे जातं आणि त्याचं बिल भरताना सगळे कुरकुरतात, ते शिकून मी इथेच करेन असं लिहा. अजून एक, ऑफिसची एनओसी (ना-हरकत) आधी, अ‍ॅडमिशन नंतर. माझ्या मित्राने उलटं केलं, दोन वर्षं खुलासे देत बसला होता.

खडूस_काका:
डिग्रीचं एवढं कौतुक नको. सी वरून डी ला प्रमोशनला चार वर्षं, त्याच्या मुलाखतीला बोर्डासमोर बसलात की काम काय केलं ते विचारतात, सर्टिफिकेटं कोणी मोजत नाही. एनपीटेल (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) लोकलमध्ये बघा, शिकायला फुकट, परीक्षेचीच काय ती फी. (आयगॉट या सरकारी ऑनलाइन ट्रेनिंग पोर्टलचे व्हिडिओ म्यूटवर लावून फाईलवर नोटिंग लिहिणारे महाभाग आमच्याकडेही आहेत, ते शिक्षण नव्हे 😀)

डोंबिवलीकरीण:
काका, सकाळच्या लोकलमध्ये मोबाईल धरायला हात मोकळा असतो का कधी? 😄 पण बोर्डाचं पटलं. @ठाण्याचा_बाबू कन्सल्टंटचा मुद्दा भारी आहे, बिलाच्या फाईली माझ्याकडूनच जातात. सोमवारी अर्ज टाकते. अ‍ॅस्कीसाठी वेगळा द्यायचा की त्यातच लिहू?

ठाण्याचा_बाबू:
वेगळाच द्या. एका अर्जात दोन मागण्या असल्या की सोपी तेवढी मंजूर करून फाईल बंद करतात.